प्लॅस्टिकचे बोंबील

काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला जे मोठं हॉटेल आहे, त्याच्या बँक्वेटच्या स्वयंपाकघराची संचिता प्रमुख होती. भाज्या चिरण्यापासून सुरुवात करून ती तिथवर पोहोचली होती. लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या मीटिंगा, सगळ्यांची जेवणं तिच्या हाताखालून जायची. तेच पनीर, तेच मंचुरियन, तोच गाजर हलवा करून ती विटली होती. म्हणून हॉटेलचे कार्यक्रम बघणाऱ्या अभिनवने जागतिक प्रदर्शनांची कल्पना काढली, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तीच झाली होती.

कल्पना अशी होती, की शनिवार-रविवार हॉटेलचा मोठा हॉल एकोणिसाव्या शतकातल्या प्रदर्शनासारखा सजवायचा. लंडन, पॅरिस, फिलाडेल्फिया, शिकागो. त्या काळी जगभरच्या नव्या वस्तू आणि नवे पदार्थ तिथे मांडले जात आणि लोक तिकीट काढून बघायला येत. टेलिफोन असाच लोकांसमोर आला, टाइपरायटर आला, आकाशपाळणा आला. अभिनवने या सगळ्यांच्या लाकडी आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती करून घेतल्या. पदार्थांचं संचिताने बघायचं होतं.

तिने पंधरवडाभर वाचून काढलं. फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात केळं चंदेरी कागदात गुंडाळून नवलाची गोष्ट म्हणून विकत, हे वाचून तिला हसू आलं. पॉपकॉर्न होते, बाटलीतला टोमॅटो केचप होता. शिकागोला एका बाईने भांडी घासायचं यंत्र मांडलं होतं. ते तिने आपल्या भांडीवाल्यांना मुद्दाम वाचून दाखवलं. आणि लंडनच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात एका अमेरिकन माणसाला मांसाच्या बिस्किटासाठी पदक मिळालं होतं. मांसाचा रस आटवून, पिठात मळून भाजलेलं कडक बिस्किट. महिनोन् महिने टिकायचं, पण खाववत नसे म्हणे.

ते बिस्किट तिने मटणाच्या रसाचं करून बघितलं. खरंच खाववत नव्हतं. तेव्हा मेन्यूच्या मीटिंगमध्ये तिने सुचवलं, की या बिस्किटाशेजारी आपल्या उत्तनच्या कोळीवाड्यातले सुके बोंबील ठेवू या, भाजून, चटणीसोबत. टिकवायचीच गोष्ट असेल तर आपल्याकडे त्याहून चवदार काय होतं ते लोकांना कळेल. "माझी मावशी सुकवते, तिचे आणते मी," असं ती बोलून गेली.

मालक जयकुमारशेठनी लगेच मान हलवली. ते तिच्याशी हिंदीतच बोलत. पापलेट ठीक, कोळंबी ठीक, पण सुकी मच्छी हॉलमध्ये येणार नाही, वास पडद्यांत बसतो, असं त्यांनी सांगितलं. संचिताने यादीतून बोंबील खोडले. अभिनवने मात्र वहीतून डोकं वर करून विचारलं, "मावशी उत्तनला राहतात? अजून लुगडं नेसतात?" ती हो म्हणाली. त्याचं तिला तेव्हा काही वाटलं नाही.

मावशीचं नाव कृष्णाबाई. संचिताची आई लवकर गेली. तेव्हापासून या मावशीनेच तिला उत्तनच्या घरात वाढवलं, शिकवलं, हॉटेल मॅनेजमेंटला घातलं. संचिता लग्नानंतर पेणकरपाड्याला राहायला आली. मावशी रोज उत्तनहून बसने मीरा रोडला यायची आणि एका मोठ्या कॉम्प्लेक्सच्या कोपऱ्यावर टोपली घेऊन बसायची. वर्षानुवर्षं तिथे तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती. मग कॉम्प्लेक्सला नवी कमिटी आली. गेटवर वास येतो, आमच्याकडे पाहुणे येतात, अशा तक्रारी गेल्या आणि दिवाळीनंतर एका सकाळी मावशीची टोपली उचलून पालिकेच्या गाडीत टाकली गेली. तेव्हापासून ती घरीच होती. कोणी घरी येऊन मासळी नेली तर नेली. कॉम्प्लेक्सचं नाव काढलं तरी ती उठून आत जायची.

प्रदर्शनाच्या शनिवारी संचिता दुपारपासून स्वयंपाकघरातून हलली नव्हती. संध्याकाळी हॉल भरल्यावर पदार्थ नीट मांडलेत का ते बघायला ती बाहेर आली. हॉल खरोखर देखणा दिसत होता. काचेच्या छताचा देखावा होता, मधोमध छोटा आकाशपाळणा फिरत होता, पॉपकॉर्नच्या गाडीपाशी रांग होती. मागच्या भिंतीला जास्त गर्दी दिसली. तिथे तिच्या पदार्थांपैकी काहीच मांडलेलं नव्हतं, म्हणून ती काय आहे ते बघायला गेली.

पितळी खांबांना लाल दोरी बांधून एक चौकोन केला होता. आत वाळू पसरली होती. बोंबील सुकवायला बांबू बांधतात, ज्याला उत्तनला वलांडी म्हणतात, तसे बांबू उभे केले होते आणि त्यांवर ओळीने प्लॅस्टिकचे बोंबील लटकत होते. त्यांच्यापुढे भाड्याचं हिरवं लुगडं नेसून, खोटे दागिने आणि कागदी गजरा घालून कृष्णामावशी बसली होती. पुढ्यातल्या टोपलीतही प्लॅस्टिकचीच मासळी होती. बाजूला पाटी होती : 'मुंबई किनाऱ्यावरची देशी कोळीण. लंडन प्रदर्शन, १८८६.'

लोक दोरीला पाठ लावून फोटो काढत होते. एकजण म्हणत होता, "मावशी, जरा ओरडा ना, ताजी मासळी घ्या म्हणून." मावशी ओरडत नव्हती. ती डोळे बारीक करून आवाजाच्या दिशेने बघत होती. तेव्हा संचिताच्या लक्षात आलं, की तिचा चष्मा काढून घेतलाय.

शेजारी उभी असलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "अरे, ये तो अपने गेट पे बैठती थी ना? कितनी क्यूट लग रही है." आणि तिने फोन वर केला.

संचिताचे कान तापले. ती थेट अभिनवला शोधत गेली. तो टाइपरायटरच्या टेबलाशी कोणाला तरी माहिती देत होता. तिने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि मावशीला कोणाला विचारून बसवलंस, असं विचारलं.

"संचिता, रिलॅक्स," तो म्हणाला. "त्या स्वतः आल्यात. आणि कॉन्सेप्टच तो आहे. लंडनला असेच आपले कारागीर बसवले होते. विणकर, कुंभार, सोनार. लोक फिरत फिरत बघायचे. मी फक्त तसंच उभं केलंय."

लंडनच्या त्या कारागिरांबद्दल संचितानेही वाचलं होतं. पदार्थ शोधताना ते तिच्या समोर आलं आणि मग त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. ती म्हणाली, "ते कारागीर कुठून आणले होते, ते वाचलंस?"

त्याने वाचलं नसेल, अशी तिला आशा होती. नसेल तर त्याला निदान मूर्ख म्हणता आलं असतं.

"आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते बरेचसे," अभिनव म्हणाला. "माहितीये मला. पण ते पाटीवर लिहिलं तर लोकांचा मूड जातो ना."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. मग तिने हात पुढे केला आणि चष्मा मागितला. तो काउंटरच्या ड्रॉवरमध्ये होता. जुन्या काळात कोळणी चष्मा लावत नव्हत्या, असं म्हणत त्याने तो काढून दिला.

संचिताने दोरी ओलांडली. गर्दीतल्या कोणालातरी वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग, आणि दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. तिने मावशीपुढे बसून चष्मा तिच्या हातात दिला.

"मावशी, ऊठ. घरी चल."

मावशीने चष्मा लावून तिच्याकडे बघितलं. "का? झालं तुझं?"

"माझं काय?"

"तूच बोलावलंस ना? तो पोरगा घरी आला, बोलला, तुमच्या भाचीचं परदर्शन हाय, तिनं नाव दिलंय तुमचं, तिथं सुकी मासली इकायला जागा देतो. मी पिशवी भरून आनली. ती गेटवरच काढून घेतली. मंग ही खोटी दिली पुढ्यात." ती हळू आवाजात बोलत होती. "मी दुपारपासनं बसलेय. वाटलं, उठून गेले तर तुझं काम जायाचं. म्हनून बसले."

संचिता तिथेच वाळूत बसून राहिली. आजवर तिला राग यायचा तो दुसऱ्यांचा, आणि बोलून टाकला की जायचा. हा राग तसा नव्हता. तिच्या नावाने या बाईला इथे आणलं होतं आणि तिच्याच नोकरीसाठी ही बाई आंधळ्यासारखी तासन् तास लोकांपुढे बसली होती. जिला गेटवरून हाकललं, तिलाच आता तीच माणसं बघायला आली होती. फक्त आता तिला वास नव्हता.

ती उठली. मावशीला म्हणाली, "दोन मिनिटं थांब."

गेटवर शिवा नावाचा वॉचमन होता. बोंबलांची पिशवी त्याने जनरेटरच्या खोलीत ठेवली होती. आत न्यायची नाही असा हुकूम आहे, असं तो म्हणाला, पण संचिताचा चेहरा बघून त्याने पिशवी काढून दिली. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने गेली नाही. पुढच्या दाराने, पाहुण्यांच्या मधून, पिशवी छातीशी धरून हॉलमध्ये शिरली. पॉपकॉर्नच्या गाडीवर गॅस पेटलेला होता. तिने पॉपकॉर्नची कढई उतरवायला लावली, आतून मोठा लोखंडी तवा मागवला आणि त्यावर मूठभर बोंबील टाकले.

पहिल्यांदा काही झालं नाही. मग तवा तापला आणि धूर उठला. सुके बोंबील तव्यावर तडतडले की जो वास सुटतो तो आडोसा मानत नाही. तो आकाशपाळण्यापर्यंत गेला, चंदेरी कागदातल्या केळ्यांपर्यंत गेला, पदक मिळालेल्या बिस्किटांपर्यंत गेला. रांगेतली माणसं मागे सरली. कोणी नाकाला रुमाल लावला. फोटो काढणारी ती बाई मैत्रिणीला घेऊन दाराकडे निघाली. एक म्हातारे गृहस्थ तेवढे गाडीपाशी आले आणि एखादा मिळेल का, म्हणून त्यांनी प्लेट पुढे केली. संचिताने त्यांना दोन बोंबील वाढले.

जयकुमारशेठ धावत आले. आधी त्यांनी गॅस बंद करायला सांगितलं. मग तिला विचारलं, की डोकं ठिकाणावर आहे का, परवा याच हॉलमध्ये लग्न आहे, हे पडदे कोण धुणार. ते ओरडत नव्हते. पाहुण्यांसमोर ते कधीच ओरडत नसत. दात आवळून, हसऱ्या चेहऱ्याने बोलत होते.

"शेठ, हॉलमध्ये बोंबील हवेत, असं तुमच्याच माणसाने मांडलंय," संचिता मराठीत म्हणाली. त्यांच्याशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलत होती. "मी खरे आणले, एवढंच."

अभिनव मध्ये पडला. हा गैरसमज आहे, मावशींना उद्या बाहेर पार्किंगमध्ये स्टॉल देऊ, असं तो सांगू लागला. शेठनीही तो धागा पकडला. ते मावशीकडे वळले, हात जोडून तिला माँजी म्हणाले, आज एवढं बसून घ्या, उद्या तुमची मासळी विकू, अशी विनवणी करू लागले.

मावशी एव्हाना दोरीच्या बाहेर आली होती. कागदी गजरा तिने काढून वाळूत टाकला होता. खोट्या बांगड्या उतरवताना मनगटाला ओरखडा आला होता.

"शेठ, मी रस्त्यावर बसते ती मासली इकायला," ती म्हणाली. "लोक मासली बघायला येतात. मना बघायला न्हाय."

एवढंच बोलून ती लुगडं बदलायला गेली. शेठ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी संचिताला सोमवारपासून येऊ नकोस, असं सांगितलं. ती म्हणाली, की तिने उद्यापासूनच यायचं नाही ठरवलंय. एप्रन काढून तिने पॉपकॉर्नच्या गाडीवर ठेवला. स्वयंपाकघरातल्या माणसांचा निरोपही तिने घेतला नाही, याची रुखरुख तिला नंतर लागली.

रिक्षात बसल्यावर मावशी कडाडली. अभिनववर नाही, संचितावर. आधी मासळीवरून. एवढ्या मोठ्या आचेवर बोंबील टाकतात का, करपवले सगळे, निम्मी पिशवी वाया घालवली. मग नोकरीवरून. दोन शब्द बोलून मला घेऊन बाहेर पडली असतीस तर काय बिघडलं असतं, तेवढा तमाशा कशाला. संचिताही भडकली. तुला तिथे बसवलं होतं आणि मी दोन शब्द बोलून निघायचं होतं का, असं तिने विचारलं. पेणकरपाड्यापर्यंत दोघी भांडत होत्या. घरी संचिताचा नवरा निकेत दार उघडून उभा होता. दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून त्याने चहा टाकला. मावशी त्या रात्री तिथेच राहिली, पण संचिताशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी शिवाचा फोन आला. प्रदर्शन चालूच होतं. मावशीच्या जागी त्यांनी कपड्यांच्या दुकानातला पुतळा आणून ठेवला होता आणि त्याला तेच हिरवं लुगडं नेसवलं होतं. गर्दी कालच्याएवढीच आहे, असं शिवा म्हणाला. संचिताने फोन ठेवला. अख्ख्या हॉलभर धूर करून झाला होता, आणि एका पुतळ्याने सगळं भरून निघालं होतं.

तिने घरूनच डबे द्यायला सुरुवात केली. मावशी पुन्हा बोलायला लागली होती. ती उत्तनला परत गेली आणि दिवस सरले. असं वाटलं, की झालं ते झालं.

मग एका सकाळी निकेतने ऑफिसला जाताना हायवेवरून फोन केला. त्याचा आवाज चमत्कारिक झाला होता. हॉटेलच्या गच्चीवर नवं होर्डिंग लागलं होतं. त्यावर कृष्णामावशी होती, घराएवढी मोठी. हिरवं लुगडं, कागदी गजरा, मागे प्लॅस्टिकचे बोंबील. चष्मा नसल्यामुळे तिची नजर कुठेतरी भलतीकडे लागली होती, आणि कोणी चित्रात बघितलं असतं तर त्याला ती लाजतेय असं वाटलं असतं. खाली लिहिलं होतं : 'आमच्याकडे परंपरा जिवंत आहे. लग्नासाठी बुकिंग सुरू.'

संचिताने अभिनवला फोन लावला. त्याने उचलला नाही, मेसेज केला. कार्यक्रमात काढलेले फोटो हॉटेलच्या मालकीचे असतात, तसं आत शिरताना पाटीवर लिहिलं होतं. शेवटी त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

मावशीला सांगावं की नाही, यावर ती सकाळभर विचार करत होती. दुपारी तिने उत्तनला जाऊन सांगितलं. मावशी वलांडीवरचे बोंबील काढत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातले बोंबील खाली ठेवले आणि शेजारच्या घरांतल्या बायकांना हाक मारली. कोणी काय विचारलं, कोणी काय शिव्या दिल्या, ते सांगण्यासारखं नाही. तासाभरात मासळीच्या टेम्पोत पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. काही हिंदू, काही ख्रिस्ती, रोज पाण्यावरून आणि जागेवरून एकमेकींशी भांडणाऱ्या. टेम्पो धुतलेला नव्हता.

काशीमीऱ्याला पोहोचल्यावर त्या कोणाशी न बोलता हॉटेलच्या लॉबीत शिरल्या आणि सोफ्यांवर, गालिच्यावर बसल्या. शिवाने त्यांना अडवलं नाही. मॅनेजर आला, त्याने पोलिसांना बोलावतो म्हणून सांगितलं. बोलवा, असं मावशी म्हणाली, आम्हालाही त्यांना तो फोटो दाखवायचाय. मॅनेजरने फोन खाली ठेवला. लग्नाच्या बुकिंगसाठी एक कुटुंब आलं होतं, ते दारातूनच परत गेलं. मग जयकुमारशेठ आले. त्यांनी फोटोच्या मालकीचं सांगितलं, वकिलाचं नाव घेतलं, मावशीला बाजूला बोलवून काही देऊ केलं. मावशी जागची हलली नाही.

"शेठ, माझं तोंड हाय ते," ती म्हणाली. "उतरवा."

उन्हं कलली तेव्हा गच्चीवर माणसं चढली. होर्डिंगचं कापड वरून खाली सुटलं, मध्येच वाऱ्याने गुंडाळलं आणि पार्किंगमध्ये येऊन पडलं. बायकांनी ते उचललं, चार घड्या घातल्या आणि टेम्पोत टाकलं. पावसाळ्यात जाळ्यांवर झाकायला होईल, असं एकीने सांगितलं. मावशी म्हणाली, माझं तोंड जाळ्यांवर नको, उलटं घालून झाका.

परतीच्या वाटेवर टेम्पोत गलका होता. कोणी शेठची नक्कल करत होतं, कोणी मॅनेजरची. संचितालाही पहिल्यांदाच मोकळं वाटलं. तिने फोन काढून बघितला, तर हॉटेलच्या पानावर तोच फोटो होता, खाली शेकडो बदाम होते, लोकांनी तो पुढे पाठवला होता, कोणीतरी त्यावर गाणंही लावलं होतं. तो कुठून कुठे उतरवायचा, ते तिला कळेना. तिने फोन बंद करून पिशवीत टाकला, पण मावशीने बघितलं होतं.

"अजून हाय?" तिने विचारलं.

"आहे."

बायका हसत होत्या, टाळ्या देत होत्या. एकीने मावशीच्या पाठीवर थाप मारली, जिंकलीस म्हणून. मावशीने तो हात झटकला.

"कापड उतरलं म्हनून काय झालं?" ती म्हणाली. "मना बसवलंच ना? लोकांनी बघितलंच ना?"

टेम्पो भाईंदरच्या रस्त्याला वळला. संचिताने मावशीचा हात हातात घ्यायचा प्रयत्न केला, पण मावशीच्या मुठी आवळलेल्या होत्या, आणि उत्तन येईपर्यंत तिने त्या सोडल्या नाहीत.